हर्षालीला काही त्रास नाही

(उमरग्यातला मुलांचा दवाखाना. सहा वर्षांची हर्षाली खिडकीपाशी पडद्याची कड बोटांत फिरवत उभी आहे. तिची आई ज्ञानेश्वरी आणि आजी सिताबाई, ज्ञानेश्वरीची सासू, डॉक्टर महेश्वरींसमोर बसल्या आहेत.)

महेश्वरी : आणि नेहमीच्या गोष्टीत बदल झाला तर? चिडते, रडते?

सिताबाई : न्हाय बाई. माझी नात लई गुणाची.

ज्ञानेश्वरी : आत्या, असं काय...

सिताबाई : तू गप ग. दिसभर पोर माझ्यापाशी असती. मला ठावं का तुला?

महेश्वरी : बरं, आजी. मोठ्या आवाजाचा त्रास होतो का?

सिताबाई : न्हाय. आमच्या घरात आवाजच कुठंय?

महेश्वरी : शेळ्या-मेंढरं आहेत म्हणालात ना? त्यांच्या गळ्यात घंटा असतील.

सिताबाई : हायत की. पर वाजत न्हाईत. म्या चिंध्या कोंबल्यात त्यात.

महेश्वरी : घंटांमध्ये चिंध्या? त्या कशाला?

सिताबाई : घंटा वाजली की पोर कान दाबून भिताडावर डोस्कं आपटायची. चिंध्या कोंबल्या, आता आपटत न्हाय. म्हनून तर म्हनते, तरास न्हाय.

ज्ञानेश्वरी : त्यापायी काळी शेळी रानात चुकली, मॅडम. घंटाच वाजंना, कुठं हुडकायची? मामंजींनी घर डोक्यावर घेतलं होतं.

सिताबाई : शेळीचं काय घेऊन बसलीस? दुसरी आली की.

महेश्वरी : जेवण कसं आहे?

सिताबाई : पोटभर जेवती.

ज्ञानेश्वरी : दूध, भात न् भाकरी. त्याला भाजीचा थेंब लागला तरी ताट पालथं.

सिताबाई : मग लागू द्यायचाच कशाला? तिचं ताट म्या आधी वाढते, भाजी चुलीवनं उतरायच्या आत. बघा बाई, कवा रडत न्हाय.

महेश्वरी : तहान लागली तर पाणी मागते का?

सिताबाई : मागायला कशाला लागतंय? मला कळतंय.

ज्ञानेश्वरी : तुमाला कळतंय, आत्या. ती सांगत न्हाय. तुमचा हात धरून माठावर नेऊन ठेवती.

महेश्वरी : नावानं हाक मारली तर वळून बघते?

सिताबाई : हाक कशाला मारायची? म्होरं जाऊन बसायचं. मंग बघती.

महेश्वरी : ज्ञानेश्वरी, मग दवाखान्यात का आणलंत तिला?

ज्ञानेश्वरी : शाळेपायी. औंदा पहिलीला घातलं. घंटा झाली की ही बाकाखाली. गुरुजी म्हणले, लाडानं बिघडलीय, हट्ट लई आहे. गेल्या हप्त्यात फाटकातनं पळाली ती थेट हायवेवर. ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक दाबला म्हणून आज ही इथं उभी आहे.

सिताबाई : म्हनून म्हनते, शाळा नगं. घरी बरी हाय.

महेश्वरी : आजी, तुमची पहिली उत्तरं ऐकून मला वाटलं होतं, काहीच नाही. आता वाटतंय, बरंच काही आहे. तुम्ही ते वर येऊच देत नाही.

सिताबाई : म्हंजे म्याच बिघडवली व्हय?

महेश्वरी : नाही हो! मला वाटतं ती जन्मापासूनच अशी आहे. ऑटिझम म्हणतात. एका खुणेवरनं ते ठरत नाही. कुकरची शिट्टी मलाही सोसवत नाही. तिचं बोलणं, मिसळणं, आवाज, सवयी, लहानपणापासनं सगळं मिळून बघायचं. एकेका मुलात ते निराळं दिसतं. आणि मदत काढून घेतली तर लेकराचं काय होतं, हेही बघायचं. हर्षालीचं काय होतं ते हायवेवर दिसलं. मी आज शिक्का मारत नाही. दोनदा-तीनदा खेळताना बघीन, मग सांगीन.

सिताबाई : नगं बाई. नाव देऊ नगा तिला.

ज्ञानेश्वरी : अहो आत्या, का पण?

सिताबाई : आपल्या भावकीतल्या बिभीषणाच्या पोराचं काय झालं? डाक्टरनं नाव दिलं, न् बापानं लांबच्या शाळंत नेऊन ठेवला. माय दिवाळीला जाती, तर पोरगं वळखत न्हाय तिला. नाव दिलं की पोर गेली. त्याच भ्यानं खोटं बोलले मी. लई भ्याले.

महेश्वरी : तिला कुणी कुठं नेत नाही. नावानं इतकंच होईल, गुरुजींना सांगता येईल की हा हट्ट नाही. घंटेआधी तिला वर्गाबाहेर घ्या, समोर बसून बोला. तुम्ही घरात जे करता तेच.

सिताबाई : करतील त्ये?

महेश्वरी : मी स्वतः बोलते त्यांच्याशी. आणि काय करायचं ते त्यांना तुमच्याइतकं नीट दुसरं कोण सांगणार?

सिताबाई : माझं काय, पिकलं पान. म्या गेल्यावर हिला पानी कोन दील, ह्याच इचारानं घास उतरत न्हाय बाई.

ज्ञानेश्वरी : मी आहे की, आत्या. पर मला सांगा तर. तुम्ही तिच्यासाठी काय काय करता, मलाबी सगळं ठाऊक न्हाय.

सिताबाई : ...डाक्टरीनबाई.

महेश्वरी : बोला आजी.

सिताबाई : पयल्यापासनं इचारा. आता खरं सांगते.