स्वच्छ पिवळा रंग

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, ग्वांगचौच्या आपल्या यकृत-कर्करोग विभागातले डॉक्टर, प्रयोगशाळेतले सहकारी, आणि आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती ताम लानफोंग, म्हणजे आपल्या लानताई,

एकतीस वर्षं पेशी सांभाळणाऱ्या बाईंना निरोप द्यायला मलाच का उभं केलं? ज्येष्ठ म्हणून, असं अध्यक्ष म्हणाले. मला दुसरं कारण ठाऊक आहे, तेवढं सांगून टाकतो.

अकरा वर्षांपूर्वी ताई कर्करोगाच्या, औषधाला दाद न देणाऱ्या पेशी बाटल्यांत वाढवत होत्या. पेशींना घातलेला लालसर द्रव आंबट झाला की पिवळा पडतो, साधारण तीन दिवसांनी. या बाटल्या दुसऱ्याच सकाळी पिवळ्या! मी भर बैठकीत विचारलं, “लानताई, हात धुता की नाही? जंतू शिरलेत यात.”

“डॉक्टर, जंतू असते तर पाणी गढूळ झालं असतं. हे स्वच्छ पिवळं आहे. बघा तरी!”

“आता तुम्ही मला शिकवणार?”

मी बघितलं नाही. बाटल्या फेकायला लावल्या आणि ताईंना काचसामान धुण्याच्या खोलीत पाठवलं. आठ महिने त्या तिथे होत्या. एकदाही तक्रार नाही. मला नमस्कार करणं मात्र त्यांनी बंद केलं होतं, हे इथे नमूद करतो.

मग तशाच पेशी मी स्वतः वाढवल्या. दुसऱ्या सकाळी बाटल्या पिवळ्या. आता हात कोणाचे होते? सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, एक जंतू नाही. ताईंना बोलावलं. बाटली उजेडात धरून त्या म्हणाल्या, “खादाड झाल्यात मेल्या. साखर मोजलीत का?”

मोजली. औषधातून वाचलेल्या पेशी भराभर साखर फस्त करून आम्ल टाकत होत्या आणि त्याच बळावर तग धरत होत्या. साखरेची ती वाट अडवली, तेव्हा तेच औषध पुन्हा लागू पडलं. अर्थात बाटलीत. रुग्णांबद्दल बोलायला अजून वेळ आहे.

शोधनिबंधावर माझं नाव पहिलं होतं. ताईंचं कुठेच नव्हतं. त्याची मला लाज वाटते.

संयोजकांचे, आणि चहा गार होत असतानाही ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. त्या आठ महिन्यांची माफी मात्र ताईंकडेच मागायची आहे. अपमान चारचौघांत केला होता, म्हणून माफीही चारचौघांतच मागतो.

ताई, पुष्पगुच्छ घेऊन येतो आहे. हात धुतलेत. या वेळी तुम्ही तपासा.