उकंडरावांच्या बंदुकीचा शिसवी दस्ता

पोलीस स्टेशन धामणखेड
जबाब, दि. २७ जानेवारी, मंगळवार, सकाळी ११.२० वा.

मी आशाबाई खुशालराव ढोरे, वय ५४ वर्षे, धंदा शेती, शिक्षण तिसरी, राहणार धामणखेड, ता. दर्यापूर, जि. अमरावती, समक्ष सांगते की, ही माझी तिसरी चक्कर आहे. शनिवारी साहेब नव्हते. काल झेंडा होता. आज साहेब आहेत तर म्हणतात आधी जबाब द्या. लाकूड माझे, उचलून नेले तुम्ही, आणि जबाब मीच द्यायचा. बरे, देते. महिला पोलीस रश्मीताई लिहून घेत आहेत.

माझे सासरे उकंडराव ढोरे वारले त्याला एकोणीस वर्षे झाली. त्यांची एक विलायती शिकारी बंदूक होती, लांब नळीची, एका वेळी एकच काडतूस घालायची. शिकारी बंद झाल्यावर तिचा परवाना पिकाच्या राखणीसाठी करून घेतला. सासऱ्यांच्या मागे तो माझे पती नामे खुशालराव, वय ६१, यांच्या नावावर झाला. माझे धाकटे दीर नामे मोतीराम यांनाही तो पाहिजे होता. मिळाला नाही, हे त्यांच्या डोक्यातून अजून गेलेले नाही. माझ्या पतीने त्या बंदुकीने आजवर एकही डुक्कर मारलेले नाही. बार काढतात आणि घरी येऊन चहा मागतात.

गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, पतीच्या उजव्या अंगावरून वारे गेले. पाय सुधारला, काठी धरून फिरतात. हात सुधारला नाही, बोलणेही तुटक झाले. अकोल्याच्या डॉक्टरांनी रबराचा चेंडू दिला आणि दिवसातून शंभरदा दाबा म्हणाले. पतीने तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी कोंबडीला फेकून मारला. नंतर ते बाजेवर भिंतीकडे तोंड करून निजू लागले. याबाबत मला जास्त काही सांगायचे नाही.

दिवाळीची झाडझूड करताना मी बंदूक खाली काढली. तिचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, वाळवीने आतून खाल्ला होता. बोट लावले की भुसा पडत होता. लोखंड गंजलेले पण धड होते. मी पतीला विचारले, "भंगारात घालू का?" ते भिंतीकडून इकडे वळले. म्हणून मी बंदूक दुरुस्त करायचे ठरवले.

पतीला अकोल्याला दवाखान्यात न्यायचे होतेच. भाड्याच्या गाडीत बंदूक त्यांच्याच मांडीवर दिली आणि परवाना खिशात घातला, म्हणजे कोणी बोलू नये. जठारपेठेत बंदुका दुरुस्त करणारे धर्मेंद्रभाऊ आहेत, त्यांचा परवाना मी भिंतीवर पाहिला. त्यांनी लोखंड पंधरा दिवसांत साफ करून दिले. नळीत डोळा लावून पाहिले तर आत चांदीसारखे दिसत होते. पण दस्त्याचे लाकूड आणायला त्यांनी जो भाव सांगितला तो ऐकून मी म्हणाले, लाकूड आम्ही आणू.

कौंडण्यपूरच्या अलीकडे माझे माहेर आहे. भावाने सिमेंटचे घर बांधले आणि शिसवाची जुनी चौकट गोठ्यामागे टाकून दिली. साठ वर्षांचे वाळलेले लाकूड. त्यातला एक खांब मी आणला. भावजय म्हणाली, "बाई, चुलीले नेता काय?" मी हो म्हणाले.

दस्ता आमच्या गावचे श्रावण मिस्तरी यांनी घडवला. ते पोरांच्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करतात, बंदुकीचे काम त्यांनी कधी केले नव्हते. वाळवीने खाल्लेला दस्ता समोर ठेवून त्यांनी उलटा केला, म्हणजे डाव्या खांद्याचा. डाव्या हाताचे माप, कोपरापासून बोटाच्या पेरापर्यंत, मी पती निजलेले असताना नाड्याने घेतले होते. लोखंड लाकडात नीट बसावे म्हणून मी एरंडेलाच्या दिव्यावर काजळ धरून दिले. लोखंडाला काजळ लावून लाकडात दाबायचे, जिथे काळे उमटेल तेवढेच खरवडायचे, असे धर्मेंद्रभाऊंनी शिकवले होते. श्रावणभाऊ अकरा दिवस तेच करत बसले. शेवटी कोणाला न विचारता त्यांनी मागच्या टोकाला बैलाचे तोंड कोरून ठेवले. मी रागावले तर म्हणाले, "हात थांबतच नाई वयनी." सदर दस्त्याची ओळख सांगा असे विचारले असता, तीच ओळख आहे. शिंगे आहेत, वेसणही आहे.

दस्ता घरी आला त्या दिवशी पतीने तो उलटसुलट करून पाहिला आणि श्रावणभाऊंना म्हणाले, "उजव्याचा काहून नाई केला बे? मी काय आता जल्मभर डावाच राहू?" श्रावणभाऊ म्हणाले, "पाटील, वयनीनं माप देल्लं तसं केलं." पोळ्यापासून इतके लांब बोलणे पतीने पहिल्यांदाच केले. मी त्यांना म्हणाले, आधी डाव्यानं तर उचला. आणि चहा ठेवायला आत गेले. चहाला वेळ लागला.

धर्मेंद्रभाऊंचे सांगणे असे होते की, तेल पुरते जिरल्याशिवाय दस्ता बंदुकीला पक्का करायचा नाही. जवसाचे तेल, उकळून थंड केलेले, तळहाताने चोळायचे. फडके चालत नाही, हाताची ऊब लागते. एक दिवसाआड एक हात, असे चाळीस हात. दि. १६ डिसेंबरपासून हे काम पतीने सुरू केले. दस्ता मांडीवर डाव्या हाताने धरून ठेवावा लागतो, नाहीतर घसरतो. म्हणजे चोळायला उजवाच उरतो. हे मी पतीला सांगितलेले नाही, आणि या कागदाची नक्कल त्यांना देऊ नये.

पहिले आठ दिवस नुसते मनगट फिरत होते. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी चारही बोटे लाकडावर सपाट टेकली. दि. २१ ला त्यांनी अंगठ्याने बैलाच्या शिंगातले तेल पुसून काढले आणि मला हाक मारली. मी भांडी घासत होते. पाहून परत भांडी घासली.

दरम्यान जिल्हा परिषदेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली. दि. १३ जानेवारीला आपले जमादार कुलदीप घरी येऊन बंदूक जमा करून घेऊन गेले. मी म्हणाले, दस्ताही न्या, नाहीतर अर्धीच बंदूक नेली असे होईल. ते म्हणाले, "मावशी, लाकडाचं काय करू? परवाना लोखंडाचा असते." असे त्यांनी स्वतः म्हटले, समोर बसले आहेत, विचारून घ्या. त्यांनी पावती दिली. पावती माझ्याजवळ आहे, मी ती इथे देणार नाही, दाखवते.

आता वावराचे. आमच्या हरभऱ्याला घाटे धरले आहेत आणि डुकरांना आमच्या आधी कळते. बंदूक ठाण्यात. म्हणून मी बुजगावणे उभे केले. तुराट्यांचे अंग केले, त्यावर सासऱ्यांचा काळा कोट घातला, कारण तोच एक कसर न लागलेला निघाला. पांढरी टोपी घातली. दस्ता रोज सकाळी हवेला ठेवावाच लागतो. लाकूड नुसते वाळत पडण्यापेक्षा कामाला लागले तर काय वाईट, म्हणून तो बुजगावण्याच्या हातात बांधला आणि पुढे स्प्रिंकलरच्या पाइपाचा तुकडा लावला. दहाच्या आत मी तो घरी परत आणत असे. धर्मेंद्रभाऊंनी सावलीत वाळवा असे सांगितले होते. कोटाची सावली होती.

बुजगावण्याचे तोंड धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, हद्दीच्या दगडाकडे का केले असे विचारले असता सांगते की, वारा तिकडून येतो. डुकरे कोणत्या बाजूने येतात असे विचारले असता, डुकरे दुसऱ्या बाजूने येतात.

दि. २४ जानेवारी, शनिवार, सकाळी सहाला लाइन आली म्हणून मी मोटर सुरू करायला वावरात गेले. साडेसहाच्या सुमारास धुंवारी, म्हणजे धुके होते. मी तुरीत होते. त्या वेळी मोतीराम सब्बल, म्हणजे पहार, घेऊन धुऱ्यावर आले. मोतीराम यांचे वावर धुऱ्याच्या पलीकडे आहे आणि तो दगड गेल्या दोन वर्षांत आमच्या बाजूला चालत आला आहे. त्यांनी दगडाखाली सब्बल घातली, जोर लावला आणि मान वर केली.

नंतर त्यांनी सब्बल टाकली, दोन्ही हात जोडले आणि खाली बसले. ते म्हणाले, "बाबा, चुकलं. दोनदाच सरकवला. लेकराची आन, नेम खाली करा." बुजगावण्याने नेम खाली केला नाही. मग मोतीराम यांनी उठून दगड त्यांच्या बाजूला एक पाऊल सरकवला. त्या वेळी तुरीतून "आखीन" असा आवाज आला असे त्यांचे म्हणणे आहे. त्या दिवशी मला खोकला होता. माझा खोकला दुसऱ्याच्या कानाला कसा लागतो हे मी सांगू शकत नाही. खोकला किती वेळा आला असे विचारले असता, दोन वेळा. दगड आज रोजी तीन पावले पलीकडे आहे. तो मी हलवलेला नाही, माझ्याने हलत नाही. ज्यांनी हलवला त्यांनी मोजून घ्यावा, मोजणीचा नकाशा माझ्या घरी आहे.

सातच्या सुमारास ऊन वर आले. एक साळुंकी येऊन टोपीवर बसली. मोतीराम बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. नंतर मी तुरीतून बाहेर आले, कारण मोटर बंद करायची होती. आमचे बोलणे झाले ते असे.

"वयनी, तुमी मले बंदूक दाखवून राहिल्या काय?"

"ते बुजगावणं हाय भाऊजी. डुकरासाठी हाय. तुमी काहून घाबरले?"

"मी ठाण्यात जातो."

"जा. सब्बलही घेऊन जा, पंचनाम्यात लागते."

सब्बल त्यांनी नेली नाही. ती माझ्याकडे आहे, त्यांनी येऊन घेऊन जावी.

मोतीराम यांनी रिपोर्ट दिला की, मी त्यांच्यावर बंदूक रोखली. रिपोर्टात दगडाचा शब्द नाही. ते सकाळी साडेसहाला सब्बल घेऊन धुऱ्यावर कशाला आले होते, हेही नाही. बंदूक तुमच्या ठाण्यात, तुमच्या कुलपात, तुमच्या पावतीवर. मग मी रोखली ती कोणती, हे मला कोणी सांगितलेले नाही.

नऊ वाजता जमादार कुलदीप जीप घेऊन वावरात आले. त्यांनी बुजगावण्याच्या हातून दस्ता आणि पाइप सोडवून घेतला आणि कागदावर "बंदुकीसारखे हत्यार" असे लिहिले. कोट नेला नाही. मी म्हणाले, तेरा तारखेला हेच लाकूड नको होते, आज हत्यार कसे झाले? ते म्हणाले, "मावशी, तवा ते जमा शस्त्र नोतं. आता मुद्देमाल हाय." मी विचारले, बंदूक ठाण्यात कुलपाच्या खोलीत आहे ना? त्याच खोलीत. दस्ता कुठे ठेवणार? त्याच खोलीत. मी म्हणाले, मग एका ठिकाणी तरी ठेवा, तेवढीच ओळख राहील. ते म्हणाले, "रजिस्टर येगळं हाय."

दस्ता कापडात गुंडाळून, सुतळी बांधून, लाखेचे शिक्के मारून ठेवला आहे, हे मी आज खिडकीतून पाहिले. जप्तीच्या आदल्या दिवशी विसावा हात दिला होता. तो पुरता वाळला नव्हता. कापड चिकटेल आणि लाकडावर सुतांचे वळ उठतील, हे मी जमादारांना त्याच दिवशी सांगितले होते.

तेलाचा दिवस नव्हता तरी शनिवारी दहा वाजता माझे पती ओसरीत तेलाची बाटली घेऊन बसले होते. मी रिकाम्या हाताने गेले. काय झाले ते सांगितले. त्यांनी बाटलीला बूच लावले, डाव्या हाताने. शनिवार, रविवार, सोमवार बाटली कोनाड्यात आहे. रबराचा चेंडू मी कोंबड्यांच्या खुराड्यातून शोधून, धुऊन बाजेवर ठेवला. आज सकाळी तो बाजेखाली होता. ते भिंतीकडे तोंड करून आहेत.

माझी मोतीराम यांच्याविरुद्ध तक्रार आहे काय असे विचारले असता, नाही. दगड जागेवर गेला. माझे म्हणणे फक्त दस्त्याबाबत आहे. तो कोर्टात पाठवायचा असेल तर पाठवा, मी तारखेला येईन. पण तोपर्यंत एकवीस ते चाळीस हात राहिले आहेत आणि ते लाकडाला लागतात तेवढेच लागतात असे नाही. हे असेच लिहा रश्मीताई, सुधारू नका.

दस्ता घरी द्यायचा कायदा नसेल तर माझी तयारी आहे. मी पतीला बाजेसकट ठाण्याच्या ओसरीत आणते. एक दिवसाआड सकाळी दहा ते अकरा दस्ता त्यांच्या मांडीवर द्या, अकराला मोजून परत घ्या. शिक्के तुमचे, पहारा तुमचा, तेल माझे. चहा मी घरून आणीन. जमादारांना गुन्ह्यातले हत्यार तेल चोळताना पाहायला लाज वाटत असेल तर त्यांनी तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत बसावे.

हा जबाब रश्मीताईंनी मला दोन वेळा वाचून दाखवला, कारण पहिल्यांदा त्या भरभर वाचत होत्या. दोन ठिकाणी "नम्र विनंती" असे आले होते. ते मी म्हणाले नव्हते, खोडायला लावले. बाकी मी बोलले तसेच उतरले आहे आणि खरे आहे. अंगठा नको, मला सही येते.

दस्ता घरी देता की मी बाज आणू, याचे उत्तर मला शुक्रवार, दि. ३० जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत कागदावर पाहिजे. शनिवारची गाडी मी सांगून ठेवली आहे.

सही
आशाबाई खुशालराव ढोरे