हवामहल आणि कांद्याची कचोरी

आमच्या मेजरसाहेबांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, शिस्त तुम्हाला माहीतच आहे. मी कागदी मॉडेलची किट बनवते ना, त्यातल्या हवामहलाच्या सूचना समजतात का, हे बघायला परवा त्यांनाच बसवलं.

म्हणाले, "सूचना म्हणजे ऑर्डर. लिहिलंय तेवढंच करणार. आणि तू मध्ये एक शब्द बोलायचं नाहीस!"

बरोबरच होतं म्हणा. चाचणी चालू असताना बनवणाऱ्यानं गप्पच बसायचं असतं.

पहिली सूचना होती, "झरोक्याला गोंद लावा आणि भिंतीवर दोन्ही हातांनी दाबून धरा." साहेबांनी धरलं. आणि धरूनच बसले! गोंद कधीच वाळला, चहावर साय आली, तरी हात सोडेनात.

"मतलब, धरायचं किती वेळ?"

मी गप्प.

"अगं, 'सोडा' असं कुठे लिहिलंच नाहीयेस तू!"

खरंच राहिलं होतं. पण मी गप्पच. समोर बशीत कांद्याच्या गरम कचोऱ्या, एक त्यांची, एक माझी. मी माझी संपवली. मग सावकाश त्यांची उचलली.

"ए, ती माझी आहे! अगं, बोल काहीतरी!"

कशी बोलणार? बोलायला मनाई होती. खायला नव्हती.