पोरगी कोणत्या शाळेत घालावी

(गोरेगावच्या अंजनाबाई कासारीण यांनी सांगितलं, तसं लिहून घेतलं.)

आधी मला हे सांगा, हे लिहून घेऊन तुमाला काय मिळते? न्हाई, राग नका मानू, मी समद्यालाच इचारते. काही मिळत न्हाई म्हणता? मंग तर अजूनच अवघड झालं. बरं, लिहा. माझं माहेर साखऱ्याचं, बाप कासार, सासराही कासार, म्हणजे बांगड्यांतच जल्मले आन् बांगड्यांतच मला गोरेगावला दिली. मालक तट्टावर माल लादून बाजार करायचे, मी घरोघर जाऊन बांगड्या भरायची, पाटलाच्या घरी भरायची, तांड्यावर भरायची, हिंगोलीला मुसलमानाच्या घरात पडद्याच्या आत जाऊन भरायची. कासारणीला कोणी दारात आडवत न्हाई. बाईचा हात हातात घेतला का बाई बोलायला लागते, नवरा कसा, सासू कशी, कोणाचं कोणाशी वाकडं, समदं. त्याच्यानं माझा स्वभावच असा झाला, का माणूस तोंडानं काय बोलते ते मी आईकत न्हाई, त्याच्या पोटात काय हाये ते पाहते. मालक माझ्या उलटे. त्यायला कोणी सांगितलं का आज सूर्य मावळतीकडून उगवला, तर म्हणतील, व्हय का, मी झोपेत होतो वाटते.

आमचं एकच लेकरू जगलं, रुक्मी. तिला शाळेत मालकानं घातली, मी न्हाई. कोणीतरी म्हणालं पोरी शिकतेत आजकाल, झालं, घेऊन गेले हाताला धरून. गावच्या शाळेत समदी पोरं आन् ही एकटी पोरगी, कोपऱ्यात बसायची. शाळा तशी पाचवीपर्यंत होती, पण चौथी झाली आन् मास्तर आमच्या दारात. म्हणाले, अंजनाबाई, पोरीला मोठ्या शाळेत घाला, इथं तिचा टाइम जाऊन राहिला. मी म्हटलं, मास्तर, लोक सांगतेत पोरगी शाळेतून काढा, तुमी सांगून राहिले घाला, काहून? म्हणाले, हुशार हाये. म्हटलं, हुशार तर माझी सासूही होती, तिला कोणी न्हाई मोठ्या शाळेत घातलं, खरं काय ते सांगा. मास्तरनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, मंग हळूच म्हणाले, पाटलाचं पोरगं हिच्याच वर्गात हाये, ही पहिली येते आन् ते मागं पडते, पाटील मला भेटंल तिथं इचारतेत का कासाराची पोरगी माझ्या पोराच्या पुढं कशी गेली, मी काय सांगू? ही मोठ्या शाळेत गेली तर तिचंही भलं आन् माझंही. तवा माझा जीव थंडा झाला. त्या दिवसापासून त्या मास्तरवर माझा भरवसा बसला, काहून का त्याचा मतलब मला दिसला. मतलब दिसला का माणसाशी बोलता येते. दिसला न्हाई का मी भेते.

आता आमचं गाव निजामाच्या राज्यात, पण हद्दीच्या काठाला, म्हणून मोठ्या शाळा दोन बाजूला दोन. हिंगोलीला सरकारी, निजामाची, तिथं समदं उर्दूत. आन् इंग्रजाच्या हद्दीत वाशीमला हायस्कूल, तिथं मराठीत, पोरींनाही घेतेत. भावकीतले म्हणाले, हिंगोलीला घालशीन तर पोरगी बाटवतील. कोणी म्हणालं, वाशीमला घालशीन तर तिथं गांधीवाले हायेत, पोरीला झेंडा देऊन जेलात धाडतील. मालक दोघांनाही व्हय म्हणाले. मी म्हटलं, मी स्वता जाऊन पाहते.

पहिले मी आन् मालक वाशीमला गेलो. हद्दीच्या नाक्यावरच्या शिपायानं समद्या बांगड्या उलथ्यापालथ्या केल्या. तिथं एका वकिलाची बायको होती, खादीचं लुगडं, बोलायला अशी का तुपाची धार. बाहेरगावच्या पोरी घरी ठेवायची आन् हायस्कुलात धाडायची. मी इचारलं, तुमाला याच्यात काय मिळते? म्हणाली, काही न्हाई हो, पोरी शिकल्या म्हणजे देशाचं भलं. बरं, पोरींकडून काय घेता? काही न्हाई. मी म्हटलं, बांगड्या तरी भरून घ्या, तर म्हणाली, नको, मी काचेच्या घालत न्हाई. आता सांगा, जी बाई काहीच घेत न्हाई तिला धरावं कुठं? मी पाणी प्यायचं निमित्त करून मागच्या दारी गेले, पाहते तर एक पोरगी आडावर पाणी शेंदून राहिली आन् दुसरी जात्यावर बसलेली. मी म्हटलं, सापडलं. इचारलं, काहून गं, हेच करवतेत का तुमच्याकडून? ती म्हणे, आमी पाळीपाळीनं करतो, बाईबी करतेत. मी मनात म्हटलं, शिकवून ठेवलेलं बोलून राहिली. रस्त्यानं मालक म्हणाले, किती चांगली बाई! मी म्हटलं, तेच तर.

मंग हिंगोली. तिथल्या पोरींच्या शाळेत एक उस्तानीबी होती, उस्तानी म्हणजे मास्तरीण, विधवा, पण त्यायच्यात विधवेला बांगड्या चालतेत, घरी ती आन् एक म्हातारी मोलकरीण. तिला मी कितीक साल बांगड्या भरत होते. तिला म्हटलं, माझी रुक्मी तुमच्या शाळेत घेता का? म्हणाली, हां हां, मेरे पास रहेगी, मेरी बच्ची के जैसी, मिडल करेगी, आगे हैदराबाद के बडे मदरसे को जाएगी. मदरसा म्हणजे त्यायची शाळाच. मी तिचा हात सोडून देला, अर्ध्या बांगड्या भरायच्या राहिल्या होत्या. म्हटलं, बीबी, गोड नका बोलू, गोडाची मला भीती वाटते, तुमाला काय पाहिजे ते बोला. ती हसायला लागली. मंग म्हणाली, सरकारनं सांगितलं का वरच्या वर्गाला पोरी पुऱ्या भरल्या तरच वर्ग ठेवू, न्हाई तर तुमची बदली लांब मुलखाला, आन् एक पोरगी कमी पडून राहिली. मी म्हटलं, हे आधी सांगायचं होतं. धरला तिचा हात आन् राहिलेल्या बांगड्या भरल्या. रुक्मी हिंगोलीला गेली.

पण म्हणून मी डोळे मिटून बसले असं न्हाई. न सांगता जायची. गेले का पहिले पोरीचं कपाळ पाहायची, कुकू हाये का. मंग गळा, कुठला ताईत-बिईत बांधला का. मंग तिचं जेवण पाहायची, ती आपली भाकर आपणच करायची, वेगळ्या चुलीवर, तशी बोली केलती मी. उस्तानीबी समदं पाहू द्यायची. पोरगी उर्दू अशी बोलायला लागली का हिंगोलीच्या वेशीवरचा शिपाई तिला बेटी म्हणायचा आन् मालकाची छाती फुगायची. गावात बाया कुजबुजायच्या, आता हिचा निका लावतील पाहा. मी बाहेरून त्यायला भांडायची आन् घरी येऊन मीबी तेच इचार करायची.

मंग ते साल आलं. रझाकार म्हणून पोरं हाती बंदुका घेऊन फिरायला लागले, गावं जळाली, लोक लेकरंबाळं घेऊन इंग्रजाच्या हद्दीत पळून राहिले. इंग्रज तोवर गेला होता, पण आमी तसंच म्हणायचो. मालक म्हणाले, उस्तानीबी हाये ना तिथं, काही होत न्हाई. मी आईकलं न्हाई. डोक्यावर बांगड्या घेतल्या आन् निघाले, कासारणीला कोण आडवते. हिंगोलीला उस्तानीबीच्या दाराला आतून कडी. ठोकलं, ठोकलं, मंग म्हातारीनं उघडलं. उस्तानीबी समोर आली, चेहरा उतरलेला. म्हटलं, रुक्मी? म्हणाली, घर को भेज दी, आज सुबू, टांगेवाला और उसकी बीवी ले को गए, गल्ली के छोकरे पूछ रहे थे ये कौन लडकी है करके. मी म्हटलं, मी त्याच रस्त्यानं आले, मला काहून भेटली न्हाई? म्हणाली, दूसरे रस्ते से गए, बुरखा पहना को भेजी. बुरखा आईकला आन् माझं डोकं फिरलं. म्हटलं, मला घर पाहायचं हाये. काय सांगू तुमाला, मी त्या बाईचं समदं घर धुंडलं, खोल्या पाहिल्या, बाजंखाली वाकून पाहिलं, धान्याच्या कणगीचं झाकण काढून आत हात घातला, न्हाणीत गेले, तिच्या कपड्याची पेटी उघडली. म्हातारी शिव्या देऊन राहिली होती. उस्तानीबी भिंतीला टेकून उभी होती. मी दमून खाली बसले तवा तिनं पाण्याचा गिलास पुढं केला आन् म्हणाली, मेरी बच्ची होती तो मैं बी देखती.

पाणी म्या पिलं न्हाई. तशीच पळत घरी आले, पाय फुटले. रुक्मी वसरीवर बसून शेंगा खाऊन राहिली होती, आन् टांगेवाल्याची बायको माझ्या चुलीपाशी. लोक म्हणतेत तुला वाईट वाटलं आसंल. न्हाई वाटलं. आजही तसंच झालं तर आजही मी कणगीत हात घालीन.

मंग हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज गेलं. आता भ्यायची पाळी दुसऱ्यांची आली. थोडं निवल्यावर मी हिंगोलीला गेले तर उस्तानीबी सामान बांधून राहिली होती, हैदराबादला भावाकडं चालली होती, शाळा बंद. मी म्हटलं, बीबी, पोरीची दोन-तीन सालं उर्दूत गेली, आता कुठं घालू? म्हणाली, वाशीम ले जा, और कहाँ, अब मराठीच चलेगी. मी म्हटलं, पण त्या वकिलाच्या बायकोला काय पाहिजे ते अजून मला कळलं न्हाई. ती पेटीला दोरी आवळत होती, मान वर न करता म्हणाली, अंजना, बाजे लोगां को कुच बी नै होना. मी म्हटलं, काहीच नको आसणारे लोक आसतील बाबा, मला तर अजून कोणी भेटलं न्हाई. तिनं वर पाहिलं माझ्याकडं, आन् लई हसली. काहून हसली, कोणास ठाऊक. टांगा मोडावर वळेपर्यंत मी उभी होते.

वाशीमला हेडमास्तरनं रुक्मीला फळ्यापाशी उभं केलं, गणितं देली, तिनं झरझर सोडवली, पण आकडे समदे उर्दू. हेडमास्तरला वाचता येईनात, तिनंच वाचून दाखवले, समदे बराबर. तरी म्हणाले, मराठी कच्ची हाये, दोन वर्ग खाली बसावं लागंल. मी म्हटलं, काहून? कासाराची म्हणून, का निजामाच्या मोगलाईतली म्हणून? हेडमास्तर चिडले. रुक्मीच मधी पडली, म्हणाली, आई, मास्तर खरं बोलून राहिले, उर्दूच्या नादात मी जोडाक्षरं इसरले, मी बसते खाली. मला काय, पोरगी कबूल तर मी कबूल.

आता तिथंच हाये. वर्गात समद्यांत उंच, मागं बसते. वकिलाच्या घरी राहते, पाळीनं दळते, बाईही दळते, मी दोनदा न सांगता जाऊन पाहिलं, खरंच दळत होती. सणाला घरी आली का बापाला वर्तमानपत्र वाचून दाखवते, आन् बाप समदं खरं मानते. म्हणते मॅट्रिक करीन, मास्तरीण होईन. व्हवो बाबा. देवानं तिला बुद्धी देली, त्याच्यावर माझं मागणं न्हाई. माझ्यासाठी एवढंच मागते, का तिची मॅट्रिक होईस्तोवर माझे पाय चालू राहू दे आन् नजर शाबूत राहू दे. ह्या बाजाराला पुन्यांदा जाणार हाये मी वाशीमला. तिला सांगितलं न्हाई.