दिवस मावळेपर्यंत

(डब्याचं झाकण फरशीवर पडून गरागरा फिरत राहतं. मग गप्प होतं.)

आदिती : मी न्हाय पाडलं! आपोआप पडलं!

सीताबाई : पडू दे गं बाळा. जाणारच हाय ते. जैन बस्तीत माताजींपुढं नेम घेतलाय तुझ्या आजीनं. ह्या एका कपाटात मावंल तेवढंच माझं. बाकीचं वाटून टाकायचं.

स्नेहल : वाटा की, आई. बावड्याच्या नव्या फ्लॅटमध्ये एवढं पितळ ठेवायला जागा तरी कुठाय? पण बयाक्कांना ह्या वेळेला कशाला बोलावलंत? सकाळी बोलवायचं.

सीताबाई : सकाळी ऊन वर चढतं. मला उतरणारं पायजे.

आदिती : आजी, ही परात कुणाला?

सीताबाई : बयाक्कालाच. तिच्या आईची, माझ्या सासूची हाय. माझ्या लग्नापास्नं डोळा हाय तिचा तिच्यावर. पण लगेच न्हाय द्यायची. आधी चिंच लावून घासून दावीन. मग घंगाळ काढीन, मग तांबे, एकेक. प्रत्येकाची आठवण काढीन. बोलत बसीन, गॅलरीतनं ऊन जाईपर्यंत.

स्नेहल : आणि जेवण?

सीताबाई : केलंय की. गव्हाची गोड हुग्गी केलीया, तिला आवडती म्हणून. तूप सोडलंय वरनं. झाकून ठेवलीया, नुसता वास येऊ दे.

स्नेहल : म्हणजे दिवस मावळेपर्यंत तुम्ही वाढणारच नाही त्यांना.

सीताबाई : मावळला तर माझा काय दोष? नेम तिचा हाय. मावळल्यावर तोंडात पाणीसुद्धा घालत न्हाय म्हणून साऱ्या गल्लीला सांगत फिरती.

स्नेहल : आई, त्या इन्सुलिन घेतात! चक्कर येऊन पडल्या म्हणजे?

सीताबाई : मी पडलते.

स्नेहल : कधी?

सीताबाई : तुझा नवरा पोटात होता तवा. ही माहेरपणाला आलेली. ह्याच स्वयंपाकघरात पाटावर बसायची. वाढणारीनं शेवटी जेवायचं, ही घराची रीत. 'सीते, अजून एक भाकरी टाक. सीते, ताक घुसळ.' आन् डोळा सारखा खिडकीकडं. अंधार पडला की हात धुवायची नि म्हणायची, 'अगं बाई, तुझं राहिलंच की!' माठाजवळ भोवळ येऊन पडले मी. माठाला हात लागत होता, पण दिवस मावळला म्हणून पाणी कुणी दिलं न्हाय.

स्नेहल : मामंजी काही बोलले नाहीत?

सीताबाई : बहिणीपुढं? पेपर उलटा धरून वाचत बसलते.

आदिती : मग चोरून खायचं की, आजी!

सीताबाई : तुझ्याएवढी अक्कल नव्हती गं मला.

स्नेहल : आई, घर रिकामं करायला निघालात. मग एवढं एकच कशाला जपून ठेवताय?

सीताबाई : कपाटात मावतंय ते. जागा लागत न्हाय त्याला.

स्नेहल : हो. माझंही मावलंय.

सीताबाई : तुझं? तुला काय कमी केलं मी?

स्नेहल : आदिती अंगावर पीत होती. कागलहून कंपनीची बस यायची, मी दारात चप्पल काढेपर्यंत तुम्ही ओटा धुऊन मोकळ्या. 'दिवा लागल्यावर ह्या घरात गॅस पेटत न्हाय.' नेम तुमचा होता, आई. माझा नव्हता. बाथरूममध्ये बसून बिस्किटं खायचे मी. नळ सोडून. कुरकुर ऐकू जाऊ नये म्हणून.

सीताबाई : रीत हाय ती घराची.

स्नेहल : बयाक्काही हेच म्हणतील.

सीताबाई : तिचं येगळं! मी कधी खिडकीकडं बघत बसले न्हाय.

स्नेहल : कशाला बसाल? रविवारी मी घरी असले की ओटा उशिरा धुवायचात. माझ्या ड्यूटीच्या दिवशीच तेवढा लवकर.

सीताबाई : एवढं बघून ठेवलंस?

स्नेहल : उपाशी माणसाला सगळं दिसतं. तुम्हाला नाही का खिडकी दिसली?

आदिती : रिक्षा आली! बयाक्का आजी! काठी हाय तिच्या हातात! आजी, तिला उतरताच येईना!

सीताबाई : परात पुढं घे, स्नेहल. चिंच कुठाय?

स्नेहल : चिंच राहू दे. मी ताट करते.

सीताबाई : हुग्गीला हात लावायचा न्हाय! सांगून ठेवती. एवढी वर्षं वाट बघितलीया मी.

स्नेहल : बघा की. मीसुद्धा बघतेच आहे. आदिती, खाली जा, आजींचा हात धर. म्हणावं, पान वाढलंय.

आदिती : जाते. पण मम्मी...

स्नेहल : पळ लवकर, ऊन चाललंय.

आदिती : आपली आजी काठी घेऊन चालायला लागली ना, की तिला तू कधी वाढणार? ऊन असताना, का गेल्यावर?