मेबल सापडली नाही तर

हॅलो?… कोण?… अगं लोर्ना, तू होय! बोल, बोल… नाही गं, पळत नव्हते, जरा बाहेर होते म्हणून धाप लागलीय… बाहेर म्हणजे माझ्या या घर-गाडीभोवती. फेरी मारत होते… हो, या थंडीत! मारतात माणसं फेऱ्या.

मेऽबल! मेबल!… काही नाही, तुला नाही म्हटलं. हॅमिशला हाक मारतेय… असू दे ना, कुत्र्याला मांजराच्या नावानं हाक मारली तर काय बिघडलं? वय झालं माझं. तू बोल.

हो… हो… अगं ऐक ना… आजच? ती खोली घेते की नाही, संध्याकाळपर्यंत सांगायचं? ती घरमालकीण तुझ्या डोक्यावरच बसलीय म्हण की… माहितेय मला. तुझ्याच मजल्यावर, तुझ्या समोरचं दार. गरम पाणी, दिवसभर हीटर, खिडकीतून नदी. हे दहादा सांगून झालं तुझं. कुत्रं चालत नाही, मांजर चालत नाही, हे मात्र एकदाच सांगितलंस, तेही हळूच.

नाही, भांडत नाहीये… मस्त चाललंय माझं. पाणी? काल येत होतं… आज नाही येत. बाहेरची नळी गोठलीय. तिला हेअर ड्रायर लावायचाय… हसू नकोस, इथं सगळेच लावतात. सिंकखालची दारं रात्री उघडी ठेवायची, नळ थेंबथेंब चालू ठेवायचा, आता मला झोपेतही जमतं. आणि काल तर काय केलंय माहितेय? गाडीच्या पोटाखाली चहूबाजूंनी थर्माकोलच्या जाड फळ्या लावल्या! खालून वारा शिरून जमीन बर्फ व्हायची ना, ते बंद. चिकटपट्टीनं अशा घट्ट बसवल्यात की मुंगी आत जाणार नाही. आत दिवाही सोडलाय. कोंबडीच्या पिल्लांना लावतात ना, तांबडा, तसला. पाइपांना ऊब म्हणून.

हॅमिश? मजेत. तुझा निळा स्वेटर घालून बसलाय… तुझ्या नि रॉसच्या लग्नातलाच गं. मग काय करू, त्याला तुझ्यापेक्षा बरा दिसतो. पायऱ्यांवर बर्फ धरतो, मागचे पाय घसरतात बिचाऱ्याचे. पोटाखालून पट्टा घालते आणि उचलते. माझी कंबर मोडते, पण चढतो.

मेबल ना… आहे की… कुठे म्हणजे? इथंच. इथंच कुठंतरी… लोर्ना, ओरडू नकोस.

…बरं. नाही सापडत. काल संध्याकाळपासून. मी फळ्या लावत होते, दार उघडं राहिलं. वाटलं, असेल कपाटात. सकाळी बघते तर खाणं तसंच. गाड्यांचा हा सगळा कॅम्प पालथा घातला गं. रात्री उणे पंचवीस होतं… नाही, रडत नाहीये. थंडीनं नाक गळतंय… हो, रडतेय! मग?

ऐक, खरं सांगते. ती सापडली नाही ना, तर मी येईन तुझ्याकडे. सांग त्या बाईला… हॅमिश? तू म्हणत होतीस ना, शेतावरचं ते कुटुंब, म्हातारी कुत्री सांभाळतात. देईन त्यांना. काय करू? भाड्याचं घर सुटलं तेव्हा जाईन तिथं प्राणी नकोत, प्राणी नकोत. म्हणून तर ही गाडी घेतली. या दोघांसाठीच. आणि मीच दार उघडं टाकलं. मला दोन जीव सांभाळता येत नाहीत आणि निघालेय हिवाळा काढायला…

हॅमिश, गप!… तुला नाही गं. हा बाथरूमची जमीन उकरतोय. मघापासून तेच चाललंय. चटई फाडली मेल्यानं! सरक बघू… थांब. थांब थांब. कान लावते… लोर्ना, बोलू नकोस. एक शब्द बोलू नकोस.

…खाली आहे! अगं, खाली आहे ती, फळ्यांच्या आत! मीच कोंडलं तिला, माझ्या हातांनी चिकटपट्टी लावून… हो, जिवंत आहे, शिव्या घालतेय मला! ब्रेडची सुरी कुठे गेली… फोन ठेवू नकोस हं, टोपीत खोचते.

…येतंय का ऐकू? बाहेर आलेय. बर्फात आडवी पडलेय. कापतेय… अगं, एवढी मेहनत केलेली, करकर कापतेय… हातमोजे? आतच राहिले. असू देत. मेबल!… डोकं आत घातलं. दिसली! दिव्याखाली पसरलीय, महाराणी… नाही, येत नाहीये! वारा लागला तशी तोंड फिरवून बसली. लोर्ना, इथं माझ्या अंथरुणापेक्षा ऊब आहे गं! मी सकाळपासून जीव टांगणीला लावून बसले आणि ही इथं… ये. ये गं बाई. धरली! धरली, धरली… कोटात घातली. घुरघुरतेय बघ. येतंय ऐकू?

आता त्या बाईला सांग, खोली दुसऱ्या कुणाला दे… नाही. मघाशी म्हटलं ते घाबरून म्हटलं. आता डोकं ठिकाणावर आहे. हे भोक बुजवीन, नळी सोडवीन, हिवाळा इथंच काढीन. आम्ही तिघं… लोर्ना?

नाक ओढतेयस का?… अगं… अगं, रडतेस काय?… कधीपासून?… रॉस गेल्यापासून? मग हे आधी सांगायचं ना, शहाणे! मला वाटलं, तुला माझ्या पाइपांची काळजी लागलीय. समोरच्या दारात मीच हवी होते होय तुला… घरात बोलायला कुणी नाही म्हणून…

ऐक माझं. मी येत नाही. तूच ये… इथं! शनिवारी ये… जागा? जेवणाचं टेबल खाली पाडलं की पलंग होतो. हॅमिश पायाशी झोपतो आणि घोरतो, आधीच सांगते. नळाला पाणी असेलच असं नाही… मग अंघोळ नाही करायची, त्यात काय! लवकर बोल, थंडीनं फोन मरायला आलाय. येतेस की नाही?

…काय?… मोठ्यानं बोल!… मेबलला कुठला मासा आवडतो? डब्यातला! तेलातला आण, पाण्यातल्याला तोंड लावत नाही ती… हॅलो?… लोर्ना?…

गेला वाटतं. चल गं मेबल, आत.

हॅमिश, ऊठ. टेबल रिकामं करायचंय.