सासूबाईंचा माग आणि माझा सरळ केलेला ॲक्सल

...नाही, वाकलाय हे मला बुधवारीच दिसलं होतं हो! डोळे आहेत मला! ट्रेलरच्या मागे उभं राहिलं की लगेच कळतं. दोन्ही चाकं वरच्या अंगाने एकमेकांकडे कललेली, चर्चच्या पायरीवर दोन म्हाताऱ्या कानाशी लागतात ना, तशी. टायर आतून पार गुळगुळीत. ॲक्सल वाकलाय, दोन चाकांमधला तो आडवा दांडा, दुसरं काय! पण वाकवला कोणी? तुम्हाला सांगतो, खरी गंमत इथेच आहे. कारण ट्रेलर माझा असला, तरी अख्ख्या उन्हाळ्यात तो माझ्या दारात होता एकूण नऊ दिवस. बाकी सगळा वेळ गावभर. लॉवेलने त्यातून लाकडं वाहिली, ड्युएनने खडी वाहिली, आमच्या पाळकबाईंनी चर्चचा तो जुना, हत्तीएवढा फ्रीझर नेला... आणि परत आणून लावताना प्रत्येकजण काय म्हणाला? "थँक्यू हं, व्हर्लिन. काही झालेलं नाही त्याला." आता मला सांगा, काही झालेलं नसताना माणूस असं कशाला म्हणेल? पण मी काही बोललो नाही.

आमच्या मिनेसोटात असं तोंडावर विचारत नाहीत. मी फक्त एवढंच केलं, चाकं काढली, ट्रेलर ठोकळ्यांवर चढवला आणि रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल असा अंगणात ठेवला. झालं! तासाभरात लॉवेल हजर, हातात रूबार्बची पाई, आंबट देठांचं गोड सारण भरून भाजलेली. "बायकोने जरा जास्तच केली होती," म्हणाला. ट्रेलरकडे बघितलं नाही. म्हणजे इतकं नाही बघितलं, की मान अवघडली असेल त्याची. संध्याकाळी ड्युएन आला, साफ केलेले मासे घेऊन. त्यानंतर पाळकबाई! बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्यांचा थर दिलेला हॉटडिश, अजून वाफा निघताहेत... "सहज इकडून चालले होते." अहो बाई, आमचं घर रस्त्याच्या टोकाला आहे, पुढे फक्त तळं! सहज कुठे चालला होतात, पोहायला? एक ॲक्सल आणि गुन्हेगार तीन! पण मी काही बोललो नाही. जेवलो.

एरवी मी तो ॲक्सल हिवाळाभर तसाच राहू दिला असता. पण शनिवार आला होता ना डोक्यावर! आमच्या सासूबाई, सिग्ने त्यांचं नाव, वय शहाऐंशी, त्यांचं शेतावरचं घर विकलं गेलं होतं. शनिवारी दुपारी नवीन माणसं राहायला येणार, आणि सासूबाई गावातल्या दोन खोल्यांत जाणार. साठ वर्षांचं घर सोडायचं, पण बाईने हूं की चूं केलं नाही. भांडी वाटून टाकली, कोंबड्या देऊन टाकल्या. एकच गोष्ट म्हणाल्या. माझी बायको आर्लिस, तिला म्हणाल्या, "माग येणार असेल तर मी येते. नाहीतर मी तिथे काय करू? खिडकीत बसून लोकांच्या गाड्या मोजू?"

माग म्हणजे हातमाग हो. जुन्या कपड्यांच्या चिंध्यांचे गालिचे विणायचा. त्यांच्या वडिलांनी बर्चच्या लाकडाचा केलेला, चार खांबांचा, पलंगाएवढा लांबरुंद आणि माझ्या डोक्याहून उंच. तो न्यायला गावात एकच ट्रेलर. माझा!

म्हणून गुरुवारी सकाळी मर्लच्या दुकानातून नवा ॲक्सल आणला. घरी येऊन सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर ठेवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून धरली, आणि बघतो तर काय... वाकडा! नवा कोरा, रंग ओला असल्यासारखा चमकतोय, आणि मधे उचललेला! फार नाही, बोटभर. पण वाकडा तो वाकडाच की नाही? आर्लिस म्हणाली, "मर्लला फोन कर आणि सांग." सांग म्हणे! तीस वर्षं ओळखतो मी त्याला, त्याच्या आईच्या मयताला शवपेटीला खांदा दिलाय, आणि त्याला सांगू, की तू मला वाकडा माल दिलास? त्याला किती वाईट वाटेल! नाही, मी काही बोललो नाही. मी तो सरळ केला.

कसा? अहो, गुरुवारचा अख्खा दिवस! गोठ्यात लोखंडी तुळई आहे. ॲक्सलची दोन्ही टोकं साखळीने तिला जखडली, मधे जॅक घातला, आणि दाब... दाब... सोडलं की पुन्हा वर. परत दाब... कंबर गेली, नखं गेली, पण संध्याकाळी दोरी धरली तर कसा, आखल्यासारखा! त्या आनंदात लॉवेलची उरलेली पाई एकट्याने संपवली. शुक्रवारी ट्रेलरखालच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर बसवला, यू-बोल्ट आवळले, चाकं चढवली. म्हटलं, जरा वजन टाकून बघू. निम्मा ट्रेलर लाकडं भरली, मागे जाऊन उभा राहिलो...

त्या दोन म्हाताऱ्या! परत कानाशी!

आता मात्र मर्लला फोन केला. म्हटलं, मर्ल, सहज एक विचारतो हं, काही तक्रार नाही... तो म्हणाला, "अरे, तो मधे उचललेलाच असतो. वजन पडलं की आपोआप सरळ होतो. म्हणून तर तसा करतात." मी गोठ्याकडे बघितलं. "का रे? तू काही केलंस का त्याला?" म्हटलं, सरळ केला. मर्लने फोन या कानावरून त्या कानावर घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "हं... वेगळीच पद्धत आहे."

आमच्याकडे 'वेगळं आहे' म्हणतात ना, ते कधी म्हणतात माहिती आहे? शिवी देता येत नाही तेव्हा. आणि दुसरा ॲक्सल? "मंगळवारी येईल."

शनिवारी सकाळी त्या शेतावर काय देखावा होता, काय सांगू तुम्हाला! लॉवेल, ड्युएन, पाळकबाई, तिघंही न बोलावता आलेली, तिघंही गुन्हेगारासारखी, हात खिशात घालून त्या मागाभोवती उभी. लॉवेल म्हणतो, दार काढू या. ड्युएन म्हणतो, भिंतच थोडी कापू. पाळकबाई म्हणतात, प्रार्थना करू या. नवीन माणसांचा ट्रक दोन वाजता येणार. आणि सासूबाई, अंगात कोट, डोक्याला रुमाल, रिकाम्या स्वयंपाकघरात एकुलत्या उरलेल्या खुर्चीवर कॉफी पीत बसलेल्या. त्या सुरकुतलेल्या हातांकडे बघवेना मला. म्हटलं, या बाईने आयुष्यात एक गोष्ट मागितली आणि तीसुद्धा आपल्या हुशारीने घालवली. गेलो जवळ. म्हटलं, "आई, चुकलं माझं. ट्रेलर नाही झाला. माग जाईल असं दिसत नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "पाचरी काढल्या तरी?"

"पाचरी?"

"बारा पाचरी आहेत. ठोकून काढल्या की सुटा होतो सगळा. वडिलांनी घोड्यांच्या गाडीतून तसाच आणला होता."

मी म्हटलं, "आई! बुधवारपासून मी... आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलं कोणी?" म्हणाल्या. "आणि तू इतकं मन लावून काम करत होतास. म्हटलं, मधे कशाला बोला."

वीस मिनिटं! बारा पाचरी, वीस मिनिटं, आणि अख्खा माग ड्युएनच्या साध्या पिकअपमध्ये, वर जागा उरली! दीडपर्यंत गावातल्या खोलीत नेऊन, खांब उभे करून, पाचरी ठोकून तयार. सासूबाई कोट न काढताच त्याच्यापुढे बसल्या. पाय आपोआप खालच्या पट्ट्यांवर गेले, हात लाकडावरून फिरला... म्हणाल्या, "वाईट नाही." आमच्याकडे याहून मोठं कौतुक नाही हो! आर्लिस खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मीही डोळे पुसले, खोटं कशाला सांगू. आणि तेवढ्यात त्या हळूच म्हणतात, "उजेड मात्र डावीकडून लागतो. त्या भिंतीला हवा होता."

पाचरी ठोकून झाल्या होत्या! बाराच्या बारा! तरी मी काही बोललो नाही. हातोडी उचलली, सगळा सोडला, त्या भिंतीला नेला, परत ठोकला. आणि मग मला काय अवदसा आठवली कोण जाणे. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच मी तोंडावर विचारलं. सगळ्यांसमोर. म्हटलं, "आई, आणखी काही आहे का, जे तुम्ही बोलला नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कोट काढला. घडी करून मांडीवर ठेवला.

"विचारलंस म्हणून सांगते," म्हणाल्या. "वसंतात माझ्या कुंपणाचे दगड भरून नेलेस ना, त्या दिवशीच तुझा ॲक्सल वाकला. मी खिडकीतून बघत होते."

लॉवेलने माझ्याकडे बघितलं. ड्युएनने बघितलं. पाळकबाईंनी आधी वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"आता दुसरं," सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या लग्नातला तुझा तो तपकिरी सूट..."

तेव्हा शनिवारचे अडीच वाजले होते. आज मंगळवार आहे. आत्ता त्या जरा कॉफी ओतायला आत गेल्यात, म्हणून म्हटलं, तेवढ्यात तुमच्याशी बोलून घ्यावं.